हप्ता भरणारं घर

जांभ्याच्या भिंती, बावीस हापूसची कलमं, परसात मोबाइल टॉवर आणि तीन मिनिटांवर समुद्र. वर होम-स्टेची कमाई! कोकणातलं हे घर घ्यायला आम्ही अगदी निघालोच होतो. मग एक्सेल उघडलं...

‘‘मॅडम, हे घर स्वतःचा हप्ता स्वतः भरतं!’’

हे वाक्य ऐकलं आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदम ट्यूबलाइट पेटली. तोपर्यंत आम्ही पुण्यात फ्लॅट बघत होतो. म्हणजे दर रविवारी कुठल्या तरी साइटवर जायचं, सॅम्पल फ्लॅटमधल्या गुबगुबीत सोफ्यावर बसायचं, थंड कॉफी प्यायची आणि परत येताना गाडीत भांडायचं. नवरा हिंजवडीत आयटीत, मी फ्रीलान्सर. त्याचा पगार महिन्याच्या ३० तारखेला येतो, माझं मानधन संपादकांना आठवण होईल तेव्हा. त्यामुळे ‘बजेट’ हा शब्द आमच्या घरात जरा जपूनच उच्चारला जातो.

अशात नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मित्राने एक नंबर पाठवला. दापोली तालुका, समुद्राकाठचं गाव. मालक डोंबिवलीला असतात. किंमत ४४ लाख. पुण्यात तेवढ्यात काय येतं? शहराच्या पार टोकाला एक वन बीएचके आणि त्याच्या बाल्कनीतून दिसणारी दुसऱ्या वन बीएचकेची बाल्कनी. इथे अख्खं घर, विहीर, बाग आणि वर कमाई!

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. ताम्हिणी घाट, माणगाव, मग वळणावळणाचा रस्ता. साडेपाच तासांनी गाडी एका पाणंदीत शिरली आणि समोर ते घर दिसलं.

प्रेमात पडायला पाच मिनिटं

खोटं कशाला बोलू? मी पहिल्या पाच मिनिटांतच विकली गेले होते. दीड-दीड हात जाडीच्या जांभ्याच्या भिंती. पुढे सारवलेली पडवी, तिला लाकडी झोपाळा. आत माजघर, त्याला एकही खिडकी नाही, पण मे महिन्यातही पंखा लागत नाही म्हणे. बाजूला काळोखी बाळंतिणीची खोली. वर माळा. मागच्या दाराने बाहेर पडलं की विहीर, पोफळी आणि पलीकडे कलमांची बाग. आणि या सगळ्याच्या मधोमध, लग्नाच्या फोटोत परकं माणूस उभं असावं तसा, लोखंडी मोबाइल टॉवर.

‘‘टॉवरकडे बघून नाक मुरडू नका,’’ मालक म्हणाले. त्यांना आपण डोंबिवलीचे काका म्हणू. ‘‘महिन्याला नऊ हजार देतो तो. झाडूसुद्धा मारायला लागत नाही त्याला.’’

मग काकांनी खिशातून कागद काढला. त्यावर हिशेब लिहून आणला होता. टॉवरचे वर्षाचे १ लाख ८ हजार. आंबा आणि सुपारी मिळून दीड लाख. तीन खोल्या होम-स्टेला दिल्या, रात्रीचे अडीच हजार धरले आणि वर्षात १२० रात्री भरल्या, तर ९ लाख. एकूण ११ लाख ५८ हजार! आम्ही धरलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना २६ हजार. म्हणजे वर्षाला ३ लाख १२ हजार. घर हप्ता भरून वर आम्हाला पगार देणार होतं.

‘‘आणि शिमग्याला देवाची पालखी येते या घरात,’’ काका म्हणाले. ‘‘शिमगा पॅकेज करा. मुंबईची माणसं तुटून पडतील.’’

एवढ्यात आतून चहा आला. घेऊन येणाऱ्या बाई सत्तरीच्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात एकच बांगडी. काकांची आत्या. लहान वयात विधवा झाल्या आणि १९९६ पासून इथेच, त्या बाळंतिणीच्या खोलीशेजारच्या खोलीत राहतात.

‘‘आत्याचं काही टेन्शन घेऊ नका,’’ काका खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘ती कुठे जाणारे? राहील इथेच. तुम्हाला फुकट केअरटेकर! आणि हातचे उकडीचे मोदक म्हणजे... होम-स्टेचा यूएसपी समजा.’’

आम्ही हसलो. हो, हसलो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण हसलो.

एक्सेलमधली रांग

पुण्याला परतल्यावर मी एक्सेल शीट बनवली. मास कॉमला असताना बजेट रिपोर्टिंगचा एक पेपर होता, त्यात मला काठावरचे मार्क होते. तरी म्हटलं, करून तर बघू.

सगळ्यात आधी रात्री मोजल्या. जून ते सप्टेंबर कोकणात पाऊस, समुद्र खवळलेला, पर्यटक कमी. ते चार महिने सोडले. उरलेल्या आठ महिन्यांचे ३५ वीकएन्ड, म्हणजे ७० रात्री. दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीतल्या आणखी २५. झाल्या ९५. नव्या होम-स्टेच्या त्यातल्या निम्म्या भरल्या तरी देव पावला. म्हणजे ४८. आत्यांची खोली वगळली तर भाड्याला खोल्या उरतात दोन. दर दोन हजार. उत्पन्न १ लाख ९२ हजार.

आता खर्च. वीज, धुलाई, इंटरनेट महिना ३ हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार. बुकिंग साइटचं कमिशन मी १५ टक्के धरलं, ते २८ हजार ८००. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची, वाळवीचं औषध मारायचं, रंगसफेदी करायची, याचे ४० हजार. शेवटची रांग : केअरटेकर. तिथे मी लिहिलं, ‘आत्या – ०’. शिल्लक ८७ हजार २००. काकांच्या नऊ लाखांच्या पुढे जरा गरीब वाटणारा आकडा, पण टॉवर आणि आंबे होते ना सोबतीला!

नवरा मागून बघत होता. म्हणाला, ‘‘शून्य का?’’

‘‘काका म्हणाले ना, त्या तिथेच आहेत.’’

‘‘त्या आहेत तिथे. पण पाहुण्यांच्या चादरी धुवायला आहेत का?’’

मी ती रांग खोडली आणि आठ हजार रुपये महिना घातले. गावात या कामाला तेवढे तरी द्यावेच लागतील असं मित्र म्हणाला होता. वर्षाचे ९६ हजार. शिल्लक आली उणे ८ हजार ८००. सत्तरीतल्या एका बाईला फुकट राबवलं तरच नफ्यात येणारा धंदा मी मांडत होते. एक्सेलने हे माझ्या तोंडावर, लाल अक्षरांत सांगितलं.

विहीर कुठे आहे?

आमच्या १४ लाखांच्या डाउन पेमेंटमध्ये ६ लाख बाबांचे होते. बाबा एसटीतून रिटायर झाले, त्या पैशांतले. ते म्हणाले, ‘‘पैसे देतो, पण कागद मी बघणार.’’ बागेचा सातबारा त्यांनी चष्मा वर करून, अगदी नाकाला लावून वाचला. मग एकच प्रश्न विचारला, ‘‘विहीर कुठे आहे?’’

‘‘घरामागे.’’

‘‘घरामागे म्हणजे कोणाच्या नंबरात?’’

तिथे आमचं विमान जमिनीवर आलं. घर गावठाणात आहे, पण मागची ३२ गुंठ्यांची बाग शेतजमीन. आणि विहिरीची नोंद बागेच्या सातबाऱ्यावर! महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या सासरी गिरणगावातली चाळ, माहेरी भवानी पेठेतलं भाड्याचं घर. दोन्हीकडे मिळून एक गुंठा सापडेल तर शपथ. म्हणजे बाग आम्हाला घेताच येत नव्हती. बाग गेली की दीड लाखाचे आंबे-सुपारी गेले, विहीर गेली आणि टॉवरही गेला, कारण टॉवरही बागेतच.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बाबा आणि ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनीअर सोबत होते. काका नव्हते. इंजिनीअर टॉर्च घेऊन माळ्यावर चढले आणि स्क्रूड्रायव्हर एका वाशात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. भिंती आणखी शंभर वर्षं उभ्या राहतील, पण छप्पर उतरवून नव्याने घालावं लागेल, दोन संडास-बाथरूम बांधावी लागतील. त्यांचा अंदाज : ९ लाख.

‘‘मागच्या अंगणात दोन कॉटेज टाकली तर?’’ नवऱ्याने शेवटचा पत्ता टाकला.

तोही हुकला. घर भरतीच्या रेषेपासून दीडशे मीटरवर. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार, २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी वस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र. असलेलं अधिकृत घर आहे त्या जोत्यावर दुरुस्त करता येतं, नवं कॉटेज नाही. ‘समुद्र तीन मिनिटांवर’ ही जाहिरातीतली ओळ आमच्यासाठी तिथेच उलटी फिरली.

पोफळी कुठे गेल्या?

बाबा आणि इंजिनीअर मापं घेत होते तेव्हा मी आत्यांबरोबर मागच्या पायरीवर बसले. त्या सुपारी सोलत होत्या.

‘‘साठ पोफळी होत्या गो. आता तेवीस.’’

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या बागा त्या दिवशी आडव्या झाल्या. आत्या एकट्याच घरात होत्या. लॉकडाऊनमुळे कोणी येणंही शक्य नव्हतं. सकाळपासून त्या माजघरात बसून राहिल्या, कारण त्याला खिडकी नाही. बाहेर झाडं मोडल्याचे आवाज येत होते. दुपारी वारा पडल्यावर दार उघडलं, तर परसातून थेट समुद्र दिसला. आधी कधी दिसला नव्हता.

‘‘वीज महिन्याहून जास्त नव्हती. कौलं मीच गोळा केली, फुटकी वेगळी, धड वेगळी. दादाने पैसे पाठवले नंतर,’’ त्या म्हणाल्या. दादा म्हणजे डोंबिवलीचे काका. ‘‘पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मी लावल्यात नव्या. बघेन की नाही, ठाऊक नाही.’’

काकांच्या कागदावरचे सुपारीचे आकडे वादळाआधीचे होते, हे मला तेव्हा कळलं. कलमंही व्यापाऱ्याला कराराने दिलेली. तो वर्षाला ३५ हजार देतो, आणि तेही आगाऊ घेऊन संपलेले.

मग त्यांनी सुपारी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘माझं काय ठरलंय?’’

मला उत्तर सुचेना. ‘तुम्ही राहायचं आहे इथेच’ असं काहीतरी पुटपुटले.

‘‘कोणाची म्हणून?’’ आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ‘‘पालखी येते तेव्हा ओटी भरायला घरातलं माणूस लागतं. तुम्ही घेतलंत की मी घरातली का पाहुणी, एवढंच सांगा. म्हणजे तसं वागता येईल.’’

‘‘तुम्ही कधी कुठे सही केलीत? हक्क सोडल्याची?’’

‘‘मला कोणी विचारलंच नाही.’’

चौदा दिवस

तोवर आम्ही एक शहाणपणा आणि एक मूर्खपणा केला होता. मूर्खपणा म्हणजे पहिल्याच भेटीनंतर ५१ हजारांचं टोकन दिलं. शहाणपणा म्हणजे ‘मालकी निर्वेध नसल्यास परत’ असं पावतीवर लिहून घेतलं. तोही बाबांचा आग्रह.

वकील मॅडमनी कागद चाळले आणि फेरफाराची एक नोंद समोर ठेवली. आत्यांचे वडील १९८३ साली वारले. वारस म्हणून दोन मुलांची नावं लागली. मुलीचं नाव नाही. घराच्या नमुना ८ लाही तेच.

‘‘म्हणजे त्यांचा हक्क नाही?’’

‘‘उलट. नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहेच. हिस्सा नक्की किती, ते मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित यावर ठरेल. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो. आणि त्यांनी तो सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं.’’

मग मॅडम म्हणाल्या, ‘‘नेहमीप्रमाणे पेपरात जाहीर नोटीस देऊ. १४ दिवसांत हरकती मागवू.’’

नोटीस कोकणात खपणाऱ्या पेपरात फेब्रुवारीत आली. आदल्या संध्याकाळी मी आत्यांना फोन केला. का केला, याचं सरळ उत्तर माझ्याकडे आहे : घर आम्हाला हवं होतं, आणि त्यांना न कळता हवं नव्हतं. ‘‘उद्या पेपरात नोटीस आहे, कोणाची हरकत असेल तर कळवा अशी,’’ मी म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, ‘‘कुठल्या पेपरात?’’

नवऱ्याला राग आला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास, म्हणाला. दोन दिवस घरात बोलणं भाजी-दुधापुरतं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच एक्सेल उघडून पाहिली आणि काही न बोलता बंद केली.

बाराव्या दिवशी मॅडमकडे रजिस्टर्ड पत्र आलं. रेघी कागद, निळी शाई, ठसठशीत अक्षर. वडिलांच्या घरात माझा हिस्सा आहे, तो मी विकलेला नाही आणि मला विकायचा नाही, भावाच्या मुलांवर माझा राग नाही. इतकंच. खाली सही आणि पत्ता. पत्ता अर्थातच तोच, जो नोटिशीत मिळकतीचा म्हणून छापला होता.

काकांनी मला फोनवर बरंच सुनावलं. त्यांची बाजूही लिहायला हवी. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांना पैसे हवे होते, आणि वडिलांनी केलेल्या नोंदीवर ते आयुष्यभर विश्वास ठेवून होते. टोकन दोन हप्त्यांत, मेअखेरीस परत आलं. वकील, इंजिनीअर, नोटीस, पेट्रोल असे साधारण ३८ हजार गेले. ४४ लाख वाचवायला ३८ हजार, हा मी आजवर केलेला सगळ्यात स्वस्त सौदा असं बाबा म्हणतात. मी अजून तसं म्हणू शकत नाही. ती पडवी अधूनमधून डोळ्यांपुढे येते.

शिमग्याला आम्ही गेलो होतो. आत्यांनीच फोन करून बोलावलं. पालखी पाणंदीतून नाचवत आली, अंगणात टेकली, आत्यांनी ओटी भरली. दुसऱ्या दिवशी निघताना मी पाकीट काढलं तेव्हा वाटलं होतं, नको-नको म्हणतील. आत्या म्हणाल्या, ‘‘दोन दिवस, दोघं, जेवणासकट तीन हजार दोनशे. मोदक माझ्याकडून.’’

नवऱ्याने तिथेच यूपीआयसाठी फोन पुढे केला. आत्यांनी आत जाऊन शेजारच्या मुलाने चिकटवून दिलेला कोड आणला.

चौकट : गावाकडचं जुनं घर घेताय?

• गावठाणातल्या घराचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागा.

• बाग, विहीर, वाट, पार्किंग हे सगळं कोणत्या नंबरात आहे ते नकाशावर बोट ठेवून बघा. शेतजमीन असेल तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा, मग स्वप्नं.

• निदान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि वंशावळ मागा. तीत आत्या, बहिणी, मुली आहेत का ते मोजा.

• घरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाशी, विकणारा समोर नसताना, एकदा बोला.

• ‘महिन्याला इतके मिळतात’ असं कोणी म्हणालं, तर करार आणि गेल्या तीन वर्षांचं बँक पासबुक दोन्ही बघा. करार कोणाच्या नावावर, कधी संपतो, मुदतीआधी कोण मोडू शकतं?

• कर्ज गृहीत धरू नका. मंजूर नकाशा नसलेल्या जुन्या घरावर बँका सहसा नाक मुरडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि दुरुस्ती खिशातूनच.

• महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नाव कोणाचं लावायचं, यावर घरी चर्चा करताना उपयोगी पडेल!

• होम-स्टेचं गणित पावसाळा वजा करून, निम्म्या रात्री धरून मांडा. आणि काम करणाऱ्या माणसापुढे शून्य लिहू नका.